जास्तीची कळ

व्हिडिओ गेम खेळण्याचा कंट्रोलर हातात घेऊन त्यावरची बटणं मोजली तर ती सोळा-सतराच्या वर भरतात. माणसाच्या हाताला बोटं दहा. म्हणजे बटणं आधीच बोटांपेक्षा जास्त आहेत. तरीही जगभरचे हौशी आणि व्यावसायिक खेळाडू कंट्रोलर उघडून त्याच्या पाठीवर आणखी दोन किंवा चार बटणं बसवून घेतात, त्यासाठी पैसे मोजतात आणि कंपन्या त्यावरून कोर्टातही जातात. आधीच जास्त असलेली गोष्ट आणखी वाढवण्याची गरज का पडावी?

उत्तर बटणं मोजून मिळत नाही, ते बोटांचं काम पाहून मिळतं. कंट्रोलर दोन्ही हातांत धरला की प्रत्यक्ष काम चारच बोटं करतात: दोन अंगठे आणि दोन तर्जनी. उरलेली सहा बोटं कंट्रोलरला फक्त खालून आधार देतात. सगळ्यात जास्त भार असतो उजव्या अंगठ्यावर. खेळातली नजर फिरवणारी छोटी दांडी त्याच्याच ताब्यात आणि उडी मारणं, दार उघडणं, शस्त्र बदलणं यांसाठीची चार बटणंही त्याच्याच वाट्याला. तो बटणाकडे गेला की दांडी सुटते. उडी मारताना नेमकं पाहता येत नाही आणि पाहताना उडी मारता येत नाही. अडचण बटणांच्या संख्येची नाही, वाटणीची आहे.

ही वाटणी एका दिवसात झालेली नाही. १९७७ साली आलेल्या अटारीच्या घरगुती यंत्राला एक दांडी आणि एकच बटण होतं. निन्टेन्डोच्या गुन्पेई योकोई यांनी १९८२ साली हातात मावणाऱ्या एका खेळासाठी अधिक चिन्हाच्या आकाराचं चौदिशी बटण केलं आणि पुढच्याच वर्षी ते घरगुती यंत्राच्या कंट्रोलरवर डाव्या अंगठ्याखाली आलं. १९९० साली त्याच कंपनीने कंट्रोलरच्या खांद्यावर दोन बटणं बसवली आणि तर्जनींना पहिल्यांदा काम मिळालं. १९९४ च्या प्लेस्टेशनने खांद्यावरची बटणं चार केली. १९९७ साली दोन छोट्या दांड्या असलेला ड्युअलशॉक आला आणि हाताची आजची ठेवण जवळजवळ पक्की झाली. खेळ गुंतागुंतीचे होत गेले तसं काम वाढत गेलं. पण ते वाढलेलं काम त्याच चार बोटांवर पडत राहिलं. मधलं बोट आणि अनामिका जिथे विसावतात त्या पाठीवर बटण ठेवणं ही बेकार बोटांना कामाला लावण्याची युक्ती होती.

ते बसवतात कसं, हे समजायला फारसं इलेक्ट्रॉनिक्स लागत नाही. बऱ्याच कंट्रोलरमध्ये प्लास्टिकच्या बटणाखाली रबराची छोटी टोपी असते आणि तिच्या पोटाला वीज वाहून नेणारा काळा ठिपका असतो. बटण दाबलं की ठिपका खालच्या पाटीवरच्या दोन वेगळ्या रेघांना जोडतो. त्यातली एक रेघ मुख्य चिपकडे जाते. एरवी तिच्यावर थोडा विद्युतदाब राखलेला असतो. बटण दाबताच ती दुसऱ्या, म्हणजे शून्य दाबाच्या रेघेशी जोडली जाते, दाब शून्यावर येतो आणि चिपला कळतं की बटण दाबलं गेलं. पडलेला दाब कोणी पाडला हे चिपला कळत नाही. वरच्या बटणाने पाडला की मागून सोल्डर केलेल्या तारेने, तिला दोन्ही सारखंच. म्हणून साधी युक्ती अशी: त्याच दोन रेघांवर केसासारख्या दोन तारा झाळायच्या, त्या पाठीपर्यंत आणायच्या आणि तिथे एक टिचकी बटण बसवायचं. आता उडीच्या बटणाला दोन दारं झाली, एक अंगठ्यासाठी आणि एक अनामिकेसाठी.

इथपर्यंतचं बटण नेमून दिलेलं काम करतं, ते बदलता येत नाही. एका खेळात उडी पाठीवर हवी असते, दुसऱ्यात ब्रेक. म्हणून तारा आणि नवं बटण यांच्या मध्ये एक छोटी चिप बसवतात. तिच्या एका बाजूला पाठीवरची बटणं आणि दुसऱ्या बाजूला मूळ बटणांच्या रेघा. 'या बटणाचा अर्थ आज हा' असं तिला सांगता येतं: शिकवण्याची कळ दाबून धरायची, पाठीवरचं बटण दाबायचं, मग ज्याची नक्कल हवी ते मूळ बटण दाबायचं. ही जोडी ती आपल्या स्मृतीत लिहून ठेवते आणि वीज गेली तरी विसरत नाही. आणखी एक काम तिला करावं लागतं. धातूचा कुठलाही स्विच जुळताना काही सहस्रांश सेकंद थरथरतो आणि एका दाबाचे चार-पाच दाब मोजले जाऊ शकतात. ती थरथर ओसरेपर्यंत थांबून मगच दाब खरा मानायचा, हेही तिला शिकवलेलं असतं.

या रचनेची मर्यादाही तिच्यातच आहे. सगळ्या कंट्रोलरची अंतर्रचना सारखी नसते. काहींत बटणाचं दुसरं टोक शून्य दाबाला न जाता भलत्याच रेघेला जातं, काहींत रबराच्या जागी लवचिक पातळ फिल्म असते, म्हणून झाळण्यापूर्वी मीटर लावून पाहावं लागतं. बॅटरी आधी सोडवावी लागते आणि कंपनीची हमी संपते ती वेगळीच. तर्जनीखालचा ट्रिगर तर बटण नसतोच; तो किती दाबला हे मोजणारा असतो. गाडीच्या खेळात अर्धा दाबला तर अर्धा वेग. त्याची नक्कल साध्या बटणाने केली की एक तर शून्य, नाही तर पूर्ण. मधलं सगळं हरवतं.

मोठ्या कंपन्यांनी ही हौशी युक्ती पुढे बाजारात आणली. २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या एलिट कंट्रोलरच्या पाठीवर काढता-घालता येणारी चार पाती आली. २०२० च्या सुरुवातीला सोनीने जुन्या कंट्रोलरला मागून चिकटवायचं दोन बटणांचं जोडयंत्र काढलं. दोन्ही बटणांना सोळांपैकी कोणतंही काम नेमून देता येत असे. पाठीवरचं बटण कोणाच्या मालकीचं यावरून अमेरिकेत खटला चालला आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या ज्यूरीने पेटंटच्या भंगाबद्दल वॉल्व्ह कंपनीला चाळीस लाख डॉलर भरायला सांगितले. बेकार बोटांची किंमत तोवर बाजारात ठरून गेली होती.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. एवढं करून खेळाच्या यंत्राला कोणतीही नवी आज्ञा मिळालेली नसते. उडीची आज्ञा तीच, पाहण्याची तीच. जास्तीच्या बटणाने नवा शब्द आणला नाही. जुनाच शब्द नव्या बोटाच्या आवाक्यात आणला. कळ वाढवण्याचा हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार पाहायचा तर आपल्याच पेटीकडे वळावं लागतं.

हार्मोनियम मूळची युरोपची. पॅरिसमध्ये १८४२ साली तिचं पेटंट घेतलं गेलं. हिंदुस्थानात ती आली, मांडीवर बसण्याइतकी लहान झाली आणि डाव्या हाताने भाता मारायचा, उजव्याने वाजवायचं अशी हातांची वाटणी ठरली. मराठी संगीत नाटकांतल्या ऑर्गनने तीच वाटणी वेगळी केली. भाता पायांकडे गेला आणि दोन्ही हात सुरांसाठी मोकळे झाले. बेकार अवयवाला काम देऊन कामात अडकलेला अवयव सोडवायचा, ही पाठीवरच्या बटणामागची कल्पना नाटकाच्या पिटात बसलेल्या ऑर्गनवादकाला कोणी समजावून सांगायची गरज पडली नसती.

पण पेटीचं खरं दुखणं बोटांचं नव्हतं, सुरांचं होतं. सप्तकात बारा पट्ट्या, त्याही समान अंतरावर लावलेल्या. गायकाच्या गळ्याला मात्र त्यांच्यामधल्या जागा हव्या असतात. उदाहरणार्थ षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार ३०० कंपनांचा असतो. समान अंतराच्या पेटीचा गंधार भरतो जवळजवळ ३०२.४. फरक कानाला खुपण्याइतका. रिषभाचंही तसंच: गणिताने तो २७० चा येतो आणि दुसऱ्या नात्याने २६६.७ च्या आसपासचाही येतो, पेटीचा मात्र सदैव २६९.४. कोणत्या रागात कोणता हवा हे राग ठरवतो. पट्टीला ते माहीत नसतं.

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. सरकारी सेवेतले न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स त्यांच्याबरोबर या कामात पडले आणि लंडनच्या मूर कंपनीकडून जास्तीच्या सुरांची श्रुतिपेटी तयार करवून घेतली गेली. १९१६ साली बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत तिची चर्चा झाली. तत्त्व पटो वा न पटो, मैफलीत ती रुजली नाही. श्रुती नेमक्या किती आणि कुठे, हा वाद तर होताच; पण बोटांच्या बाजूने पाहिलं तर दुसरं कारणही दिसतं. वादकाची बोटं बारा पट्ट्यांच्या अंतरावर वर्षानुवर्षं घासून तयार झालेली असतात. त्यात जास्तीच्या कळा घुसवल्या की नव्या सुराबरोबर जुनी सवयही मोडते. पुढे १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडलं.

डॉ. विद्याधर ओक यांनी याच प्रश्नाला अलीकडे दिलेलं उत्तर म्हणून मोलाचं वाटतं. त्यांच्या बावीस श्रुतींच्या पेटीत पट्ट्या बाराच राहतात. षड्ज आणि पंचम अचल. उरलेल्या दहांपैकी प्रत्येक सुराच्या दोन श्रुती. दहा दुणे वीस आणि दोन, बावीस. कोणत्या पट्टीतून कोणती श्रुती यावी हे वाजवण्यापूर्वी खिट्टी मागेपुढे करून ठरवायचं. राग ठरला की खिट्ट्या लावायच्या, मग बोटं नेहमीच्याच वाटेने जातात. पट्टीचा अर्थ बदलतो, जागा बदलत नाही. आजच्या भाषेत हे 'प्रोग्रॅमेबल' वाद्यच आहे. त्याची स्मृती मात्र चिपमध्ये नसते, खिट्टी जिथे ठेवली त्या जागेत असते.

म्हणजे कळ वाढवण्याच्या तीन वेगळ्या रीती झाल्या. वाट वाढवायची, म्हणजे जुन्या अर्थाला नवी कळ, जशी कंट्रोलरच्या पाठीवर. अर्थ वाढवायचा, म्हणजे नव्या अर्थाला नवी कळ, जशी क्लेमंट्सच्या पेटीत. किंवा कळा तेवढ्याच ठेवून त्यांचा अर्थ पालटायचा, जसा ओकांच्या पेटीत. आपण मराठी टंकताना तिसरीच रीत वापरतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'क' आणि 'ख' एकाच कळीवर, 'ग' आणि 'घ' एकाच कळीवर. शिफ्ट दाबली की अल्पप्राणाचा महाप्राण होतो. १८७८ च्या रेमिंग्टन यंत्रावर आलेली शिफ्ट ही जगातली बहुधा सर्वांत जास्त वापरली गेलेली अर्थपालट-कळ असेल. आणि ती यशस्वी झाली याचं कारण हेच की तिने बोटांना नवी जागा शिकवली नाही, जुन्याच जागेला दुसरं नाव दिलं.

अर्थ पालटता येणं ही सोय आहे खरी. ती सगळीकडे सोय राहत नाही, आणि हे पाहायला सातपाटीचा किनारा आणि बोईसरचा कारखाना यांच्याइतक्या जवळच्या जागा नाहीत.

सातपाटी पापलेटचं बंदर. त्याच माशाला २०२३ साली महाराष्ट्राने राज्यमासा ठरवलं. इथल्या बोटीवर तांडेलासमोर आज जागा दाखवणारं यंत्र, माशांचा थवा शोधणारं यंत्र आणि वायरलेस संच असतात. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली त्याच समारंभात मच्छीमार बोटींसाठी इस्रोने तयार केलेल्या ट्रान्सपॉन्डरच्या देशव्यापी योजनेचाही आरंभ झाला. किनाऱ्यावरच्या राज्यांतल्या एक लाख बोटींवर ते बसवायचे होते. उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी निरोप जाऊ शकेल आणि संकटात इशारा देता येईल, हा त्याचा उद्देश. अशा सागरी संचांवरचं संकटाचं बटण पाहावं. डिजिटल वायरलेसवर ते लाल असतं, झाकणाखाली असतं आणि काही सेकंद दाबून धरल्याशिवाय इशारा जात नाही. चुकून दाबलं जाऊ नये म्हणून ते मुद्दाम अवघड केलेलं आणि तरीही अंधारात, ओल्या हाताने सापडेल अशा जागी. या बटणाचा अर्थ कोणी पालटून चालणार नाही. बोट नवी असो वा उसनी, खलाशी सातपाटीचा असो वा बाहेरून आलेला, त्या एका कळीचा अर्थ एकच असायला हवा. खेळाडूला आपलं बटण आपल्यापुरतं हवं असतं. संकटाचं बटण परक्या हातासाठी असतं.

बोईसरला तारापूर औद्योगिक वसाहत आहे. पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवर जगभर एक नियम पाळला जातो: मशीन चालवायला दोन बटणं, दोन हातांनी, एकाच वेळी दाबायची. त्यातली एक कळ कामासाठी अनावश्यक असते. एका बटणानेही मशीन चालू शकतं. दुसरं आहे ते दुसरा हात साच्याबाहेर अडकवून ठेवण्यासाठी. कंट्रोलरवरचं जास्तीचं बटण बोट मोकळं करतं, प्रेसवरचं जास्तीचं बटण हात मुद्दाम गुंतवून ठेवतं, आणि दोन्ही शरीराच्याच हिताची. काम वेगाने उरकण्यासाठी एखाद्याने एक बटण पट्टीने बांधून कायमचं दाबलेलं ठेवलं तर ते यंत्राचं 'प्रोग्रॅमिंग'च झालं. पण त्यात पणाला बोटं लागतात. म्हणूनच चांगल्या यंत्रणेत दोन्ही बटणं सोडून पुन्हा एकत्र दाबल्याशिवाय पुढचा दाब पडत नाही.

खेळातही असा एक उंबरठा आहे. एका बटणाने एक आज्ञा, इथवर कोणाची तक्रार नसते. पण मधल्या चिपला पाच आज्ञांची माळ शिकवता येते, तीही माणसाला न जमणाऱ्या अचूक अंतराने. त्याला मॅक्रो म्हणतात. बोटांची वाटणी बदलणं निराळं आणि बोटांचं कौशल्यच चिपला देऊन टाकणं निराळं. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉल्व्हने आपल्या काउंटर-स्ट्राइक खेळाच्या अधिकृत सर्व्हरवर असा आपोआप चालणारा दाब वर्ज्य ठरवला; एका दाबाला खेळाडूची एक कृती, हे त्यामागचं सूत्र. पेटीवाल्याने खिट्ट्या आधी लावून ठेवल्या तर कोणी हरकत घेत नाही. पण पेटी स्वतःच तान घेऊ लागली तर टाळी कोणाला द्यायची?

एक प्रश्न उरतो आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे. वर चार बोटं काम करतात आणि सहा आधार देतात असं म्हटलं. त्यात दहा बोटं गृहीत धरली. ज्याचा अंगठा कामाचा नाही, ज्याचा एक हात अर्धांगाने गेला, त्याच्यासाठी जास्तीची कळ ही हौस नसते. दोर, कप्पी आणि यंत्र यांच्याबरोबर ज्यांची हयात जाते, त्या बंदरांना आणि कारखान्यांच्या गावांना बोट गमावलेला हात अपरिचित नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारची दिव्यांगता मानली आणि 'वाजवी तजवीज' ही कल्पना कायद्यात आणली. माणसाला वस्तूच्या मापाचं करण्याऐवजी वस्तू माणसाच्या मापाची करायची, असा तिचा साधा अर्थ.

२०१८ साली मायक्रोसॉफ्टने काढलेल्या एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलरने हे उघडपणे मान्य केलं. त्याच्यावर मोठी दोन बटणं आहेत आणि मागे हेडफोनच्या मापाची एकोणीस छिद्रं. प्रत्येक छिद्र म्हणजे एका बटणाच्या दोन रेघा, कंट्रोलर न फोडता बाहेर आणलेल्या. कोणताही टिचकी स्विच त्या मापाच्या पिनेला जोडून त्यात खोचता येतो: कोपराने दाबायचा, हनुवटीने दाबायचा, पायाने दाबायचा. दारावरच्या बेलचं नवंकोरं बटण, हातभर दोन पदरी तार आणि हेडफोनची पिन एवढ्यावर ते काम होतं, आणि ही तिन्ही पालघरच्या कुठल्याही विजेच्या सामानाच्या दुकानात मिळतात. अर्थात ते बटण घरातल्या विजेच्या वायरिंगला कधीच जोडलेलं नसावं. हौशी मुलं झाळणकाम करून चोरवाटेने करत होती तेच काम इथे पुढच्या दाराने करता येतं. २०२३ च्या अखेरीस सोनीनेही असाच एक कंट्रोलर आणला.

मग कळ किती असाव्यात? याला एक आकडा नाही, पण एक कसोटी सांगता येते. कळ ज्याच्या हातात आहे तिचे परिणाम त्याच्यापुरतेच असतील, तर तिचा अर्थ आणि जागा ठरवण्याचा हक्क त्याचा. खेळाडूचा, वादकाचा, अपंग मुलाचा. परिणाम दुसऱ्याच्या जिवापर्यंत जात असतील, तर अर्थ सगळ्यांनी मिळून एकदाच ठरवायचा आणि कोणी एकट्याने पालटायचा नाही. अडचण होते ती या दोन कळांची अदलाबदल झाली की. कंपन्या खेळण्यालाही मोहोर लावून ते उघडू देत नाहीत आणि कारखान्यात मात्र सुरक्षेचं बटण कोणीही पट्टीने बांधून ठेवतो.

जाळं विणणाऱ्याला हे नवं नाही. कोणत्या माशासाठी आस किती मोठी, हे विणणारा आपल्या अनुभवाने ठरवतो. पण पिल्लं निसटावीत इतकी ती मोठी असावी, हे सगळ्या किनाऱ्याने मिळून ठरवायचं असतं. एकाच जाळ्यात दोन्ही निर्णय नांदतात. कळफलकातही नांदू शकतील.